साडेपाच मीटरची कोॲक्स शेवटी कापली: गाडीतला सीबी रेडिओ आठ महिने वापरल्यावर

गाडीत सीबी रेडिओ (सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य लोकांना आपापसात बोलण्यासाठीचा रेडिओ) बसवायचा ठरवला तेव्हा जो तो एकच सांगत होता: कोॲक्स केबल अठरा फूटच घे, कमी घेतलीस तर एसडब्ल्यूआर बिघडेल. कोॲक्स म्हणजे रेडिओ आणि ॲन्टेना जोडणारी, मधल्या तारेभोवती जाळी असलेली केबल. एसडब्ल्यूआर म्हणजे ॲन्टेना किती नीट जुळली आहे याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला. म्हणून दोन्ही टोकांना पीएल-२५९ कनेक्टर लावलेली ५.५ मीटरची, म्हणजे अठरा फुटांची, आरजी-५८ जातीची कोॲक्स आणली. पिकअपच्या हौद्याच्या कडेला ॲन्टेना आणि डॅशबोर्डखाली रेडिओ बसवला. सुतळी धरून मोजलं, तर केबलची वाट जेमतेम ४.२ मीटर भरली. उरलेल्या केबलचं गोल वेटोळं करून सीटमागे कोंबलं.

पहिले दोन महिने वैतागात गेले. एसडब्ल्यूआर चॅनल १ वर १.८, चॅनल ४० वर २.६. त्याहून त्रासदायक म्हणजे आकडे टिकायचे नाहीत. वेटोळं थोडं सरकवलं की मीटरचा काटा हलायचा, केबलवर नुसता हात ठेवला तरी हलायचा. मला वाटलं, लांबीच चुकली. दुसरी, वेगळ्या लांबीची केबल उसनी आणून लावली. आकडे पुन्हा बदलले आणि माझा गैरसमज आणखी पक्का झाला.

खरं तर तीच मोठी खूण होती. ॲन्टेना ५० ओहमला (हे इम्पिडन्सचं, म्हणजे रेडिओ लहरीच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचं माप) जुळलेली असेल, तर ५० ओहमची केबल ३ मीटर असो की ६ मीटर, एसडब्ल्यूआर जवळपास तोच राहायला हवा. लांबी बदलताच आकडा बराच बदलतो, तेव्हा बहुतेक वेळा केबलची बाहेरची जाळीच ॲन्टेनासारखी वागू लागलेली असते. ॲन्टेनाला खाली पुरेसा, तिच्या माउंटशी जोडलेला पत्रा मिळाला नाही, की परतीचा प्रवाह ही जाळी पकडतो.

मल्टिमीटर लावून पाहिलं. माउंट आणि गाडीची बॉडी यांच्यात जोडणीच नव्हती! ब्रॅकेटखाली रंगाचा जाड थर होता. तेवढाच रंग खरवडून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातले आणि हौद्यापासून चॅसीपर्यंत तारेच्या जाळीची चपटी पट्टी ओढली. त्यानंतर ॲन्टेनाची काडी थोडी आखूड केली, कारण चॅनल १ वर आकडा कमी आणि ४० वर जास्त म्हणजे काडी लांब. आता मधल्या चॅनलवर १.३, दोन्ही टोकांना १.६ च्या आत. केबल हातात धरा, सोडा, काटा जागचा हलत नाही.

अठरा फुटांचा आकडा मात्र कुणी हवेतून काढलेला नाही. २७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ११ मीटर. आरजी-५८ मधल्या भरीव पॉलिथिलीनमुळे लहर केबलमध्ये हवेतल्या वेगाच्या सुमारे ६६ टक्के वेगानं जाते. त्या हिशेबानं पाऊण तरंगलांबी ५.४ मीटरच्या आसपास येते आणि अर्धी ३.६ च्या. अर्ध्या तरंगलांबीची केबल ॲन्टेनाकडचा इम्पिडन्स रेडिओकडे जवळपास जसाच्या तसा दाखवते, त्यामुळे मोजमापाला ती सोयीची. पण लांबीनं आकडा गोड दिसला तरी ॲन्टेना सुधारत नाही. फोम भरलेल्या आरजी-८एक्समध्ये वेग जास्त असतो, तिथे हे आकडे लागूही पडत नाहीत.

चौथ्या महिन्यात मन घट्ट करून केबल ४.५ मीटरवर कापली आणि कनेक्टर नव्यानं सोल्डर केला. एसडब्ल्यूआरमध्ये काट्याच्या जाडीइतकाही फरक पडला नाही. ऐकण्यातही नाही, आणि तो पडणारही नव्हता: या फ्रिक्वेन्सीला आरजी-५८ मध्ये मीटरमागे डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी नुकसान होतं. मिळाली ती सीटमागची जागा. कापायची नसेल, तर जादा केबलचे हातभर लांब सैल वळसे घालून बांधा. घट्ट गोल गुंडाळी नको. दाराच्या फटीतून तर केबल मुळीच नेऊ नका, आतला फोम किंवा पॉलिथिलीन दबलं की इम्पिडन्स तिथेच बिघडतो.

दोन ठिकाणी मात्र लांबीला हात लावू नये. पत्र्याशिवाय चालणारी ॲन्टेना, म्हणजे फायबरच्या गाड्यांवर किंवा बोटीवर लावतात ती, तिच्यासोबतच्या केबलचा हिशेब धरूनच बनवलेली असते. आणि जोडीनं लावलेल्या दोन ॲन्टेनांच्या ७५ ओहमच्या केबल मापाच्या आणि एकमेकींइतक्याच लांब लागतात.

सहाव्या महिन्यात एसडब्ल्यूआर पुन्हा चढू लागला. ग्राउंड, म्हणजे माउंटची बॉडीशी जोडणी, तपासलं, ते ठीक होतं. ॲन्टेनाकडचा कनेक्टर उघडला तर आत पाणी, जाळी हिरवट काळी पडलेली. वीतभर केबल कापून टाकावी लागली, नवा कनेक्टर लावून त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळली. केबल ४.५ मीटर ठेवली होती म्हणून ती वीत गेल्यावरही पुरली, नाहीतर मोजून ४.२ वर कापण्याचा मोह मला तेव्हा फार झाला होता.