पिंपल्सच्या डागांसाठी ग्लायकोलिक पील: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पिंपल्स गेले, पण गालांवरचे तपकिरी डाग जायचं नाव घेत नव्हते. म्हणून गेल्या पावसाळ्यात पुण्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा मृत थर काढायचा उपचार, सुरू केलं. आता डाग बरेच फिके झालेत, खरखरीतपणाही गेलाय. खड्डे मात्र तसेच आहेत. वरवरच्या पीलने ते भरत नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

माझ्या मते निम्मं यश पूर्वतयारीत आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला जरा जास्त दाह झाला की ती मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) जास्त बनवते आणि जुना डाग जाण्याऐवजी नवा पडतो. म्हणून आधी काही आठवडे रात्री डॉक्टरांनी दिलेलं क्रीम आणि दिवसा न चुकता सनस्क्रीन. पीलच्या आठवडाभर आधी रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातलं क्रीम) बंद. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, स्क्रब काहीच नाही. ओठांवर हर्पीसचे फोड येत असतील, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.

ग्लायकोलिक आम्ल उसातही असतं. त्याचा रेणू लहान, त्यामुळे ते पटकन आत शिरतं आणि मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतं. माझी सुरुवात ३० टक्क्यांपासून झाली. घड्याळ लावून काही मिनिटं चुणचुण सोसायची, मग सोड्याचं द्रावण लावून आम्ल निष्प्रभ करतात. ते वेळेवर केलं नाही तर आम्ल काम करतच राहतं. म्हणून हे ऑनलाइन बाटली मागवून घरी करू नका, अगदी कळकळीने सांगते. सॅलिसिलिक या दुसऱ्या आम्लाचं पील आपोआप थांबतं, तेलकट त्वचेला ते जास्त मानवतं; पण अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर नको.

नंतर तीन-चार दिवस नाकाच्या कडेने, हनुवटीवर पापुद्रे निघतात. ते ओढायचे नाहीत. साधं मॉइश्चरायझर पुरतं. स्कूटरवर स्कार्फ बांधतो तेवढ्यावर भागत नाही, खाली सनस्क्रीन हवंच आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

दोन पीलमध्ये दोन ते चार आठवडे जातात आणि फरक हळूहळूच दिसतो. घरात लग्न असेल तर तीन-चार महिने आधी डॉक्टरांना भेटा. हळदीच्या आठवड्यात पहिलं पील अजिबात नको.