पैसे आमचे, डोमेन त्याच्या नावावर

शिरोलीच्या एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं टर्निंग, ड्रिलिंग करून देतो. 2019 साली ओळखीतल्याच एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. डोमेन (म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), पाच मेल आयडी, सगळं मिळून वर्षाला 9,000 रुपये. बिलावर पहिलीच ओळ होती ‘डोमेन रजिस्ट्रेशन’. पैसे आपण दिले म्हणजे डोमेन आपलं, असंच आम्ही धरून चाललो.

गेल्या फेब्रुवारीत त्याने एकदम 22,000 मागितले. आम्ही नाही म्हटलं आणि दुसरीकडे होस्टिंग घेतलं. नव्या कंपनीने दोन नेमसर्व्हरची (डोमेनची माहिती सांगणाऱ्या सर्व्हरची) नावं पाठवली, म्हणाले डोमेनच्या पॅनेलमध्ये एवढी टाका. ते पॅनेल कुठलं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. हातात होता तो फक्त सीपॅनेलचा, म्हणजे जुन्या होस्टिंगच्या पॅनेलचा पासवर्ड. मग माझ्या मुलाने सीपॅनेलच्या झोन एडिटरमध्ये जाऊन ए रेकॉर्डला, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नोंदीला, नव्या सर्व्हरचा आयपी नंबर दिला. साइट नव्या सर्व्हरवरून दिसू लागली. वाटलं, सुटलो.

चौथ्या दिवशी साइट करणाऱ्या त्या माणसाने रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या, खात्यात जाऊन नेमसर्व्हरच बदलून टाकले.

याचा अर्थ कळायला आम्हाला दोन रात्री लागल्या. कुणी आपलं नाव ब्राउझरमध्ये टाकलं की विचारणा आधी रूट सर्व्हरकडे जाते, तिथून डॉट कॉमच्या सर्व्हरकडे. तो एवढंच सांगतो की या नावाची माहिती अमुक नेमसर्व्हरकडे आहे, तिथे विचारा. साइटचा पत्ता सांगणारा ए रेकॉर्ड आणि मेल कुठे पोचवायचा ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड, दोन्ही त्याच नेमसर्व्हरवर असतात. आणि तो ‘अमुक’ कोण, हे ठरवतो तो डोमेन ज्याच्या खात्यात आहे तो. आम्ही झोन एडिटरमध्ये काहीही लिहिलं असतं तरी तिकडे विचारायला आता कुणी येतच नव्हतं. घर आम्ही बांधलं होतं, सातबारा त्याच्या नावावर होता.

बरं, एका झटक्यात सगळं बंद पडलं असतं तर लगेच कळलं तरी असतं. डॉट कॉमचे सर्व्हर नेमसर्व्हरची जी माहिती देतात ती विचारणाऱ्या सर्व्हरला 48 तासांपर्यंत साठवून ठेवायची मुभा असते, म्हणजे काहींकडे जुनीच माहिती राहते. त्यामुळे माझ्या मोबाइलवर साइट दिसत होती आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नाही. मेलचं तर त्याहून वाईट झालं. आमचा मेल घेणारा सर्व्हर सापडेना, पण पाठवणाऱ्याचा सर्व्हर कित्येक दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने फ्लँजचं ड्रॉइंग पाठवून कोटेशन मागितलं होतं. मेल परत आल्याचं त्यांना पाचव्या दिवशी कळलं. तोवर ते काम दुसरीकडे गेलं होतं. त्यांचे पर्चेसवाले फोनवर म्हणाले, “अहो, आम्हाला वाटलं तुम्ही शॉप बंद केलंत.” हे ऐकून बायको खुर्चीत बसूनच राहिली.

मग हूइजवर, म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या नोंदवहीत, डोमेन शोधलं. मालकाच्या जागी त्याच्या फर्मचं नाव. हे 2019 पासून तिथे लिहिलेलं होतं आणि कुणालाही फुकट बघता येतं. आज, आत्ता तुमचं डोमेन तिथे शोधा. काही ठिकाणी नाव झाकलेलं असतं. तसं असेल तर ज्याने साइट केली त्याला विचारा की रजिस्ट्रारचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे. तो टाळाटाळ करत असेल तर समजून जा. होस्टिंगचा पासवर्ड मिळाला म्हणून गप्प बसू नका, आणि पुढचं रिन्युअल जवळ येईपर्यंत थांबूही नका. ओढाताण करायला त्याला तीच वेळ सापडते.

आमच्या कामी आलं ते जुनं बिल. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली, वकिलाची नोटीस पाठवली, दोन्हीला ते बिल जोडलं. अकराव्या दिवशी त्याने डोमेनवरचं लॉक काढून ट्रान्सफरचा ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या खात्यात न्यायचा गुप्त कोड) दिला, तोही 8,000 घेऊन. आता खातं माझ्या नावावर आहे. त्या दिवसांत आणखी कुणाकुणाचे मेल परत गेले, ते कळायला काही मार्ग नाही. जुन्या गिऱ्हाइकांना मी अजून एकेक करून फोन करतोय.