कोपराचं लिगामेंट फाटलंय: ऑपरेशन, दुरुस्ती की विश्रांती?

"अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकव. आता मनगट आत वळव," डॉक्टर म्हणाले. मुलाच्या मनगटाच्या मधोमध एक बारीक दोरी ताठ होऊन वर आली. "हा टेंडन. ऑपरेशन करायचं ठरलं तर हाच काढून कोपरात बसवायचा. मनगटाचं त्याच्यावाचून काही अडत नाही, काही जणांना तर तो जन्मापासूनच नसतो." माझा सोळा वर्षांचा मुलगा कौतुकाने मनगट वळवून वळवून बघत होता. मला मात्र पुढचं काही ऐकूच येत नव्हतं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कोपराच्या आतल्या बाजूचं यूसीएल नावाचं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना जोडून धरणारी पट्टी, अर्धवट फाटल्याचं एमआरआयमध्ये दिसलं होतं. आमच्या न्यू जर्सीत आता बऱ्याच मराठी घरांतली मुलं बेसबॉल खेळतात. उद्या तुमच्या हातात असा रिपोर्ट पडला तर सगळे पर्याय एकमेकांशेजारी ठेवून बघता यावेत, म्हणून त्या दिवसांत जे वाचलं, विचारलं आणि समजून घेतलं ते इथे मांडते आहे. मी डॉक्टर नाही. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे आधी माहीत असलेलं बरं.

आपण क्रिकेट बघत वाढलो, त्यामुळे फास्ट बोलर म्हटलं की आपल्याला पाठीचं दुखणं आठवतं. क्रिकेटमध्ये वाकलेलं कोपर झटक्याने सरळ करायला नियमाने मनाई आहे, म्हणून भार पाठीवर आणि पायांवर जातो. बेसबॉलमधला बोलर, म्हणजे पिचर, मात्र कोपर वाकवतो आणि हात चाबकासारखा सोडतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडू पाहते, आणि तिला धरून ठेवणारी मुख्य पट्टी म्हणजे हे यूसीएल. प्रत्येक जोरदार पिचला, म्हणजे फेकलेल्या चेंडूला, ती जवळपास आपल्या ताकदीच्या टोकापर्यंत ताणली जाते.

मूल अकरा-तेरा वर्षांचं असेल तर एक गोष्ट सगळ्यात आधी. या वयात लिगामेंटपेक्षा हाडाच्या वाढीची कूर्चा नाजूक असते आणि दुखणं बहुतेक वेळा तिथलंच असतं. एक्स-रेमध्ये ते दिसतं, आणि उपाय म्हणजे काही आठवडे फेकणं पूर्ण बंद. तुमचा प्रश्न हा असेल तर पुढचे पर्याय तुमच्यासाठी नाहीत, आणि ही चांगली बातमी आहे.

विश्रांती आणि व्यायाम

आपल्या मनाचा ओढा स्वाभाविकपणे इकडेच असतो. सांगलीहून माझ्या आईने फोनवर सांगितलं, "हाताला शेक द्या, महिनाभर खेळू देऊ नका, होईल बरं." तिचं अर्धं बरोबर होतं. इथली विश्रांती महिन्याची नसते. निदान तीन महिने एकही चेंडू फेकायचा नाही, त्या काळात मनगटापासून कोपरापर्यंतचे, खांद्याचे आणि कमरेचे स्नायू बळकट करायचे, आणि मग पंचेचाळीस फुटांवरून हलक्या हाताने मोजून फेकायला सुरुवात करायची.

यश किती? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे ३१ खेळाडू होते. त्यांतले ४२ टक्के पुन्हा आपल्या पातळीवर खेळू लागले आणि त्यांना सरासरी साडेचोवीस आठवडे लागले. पुढे व्यावसायिक लीगमधल्या ५४४ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ऑपरेशन न करता परतणारे निम्म्याहून थोडे जास्त निघाले. म्हणजे जवळजवळ नाणेफेक. पण नाणेफेकीपेक्षा थोडं जास्त आपल्याला कळू शकतं, आणि ते म्हणजे लिगामेंट नेमकं कुठे फाटलंय. दंडाच्या हाडाच्या टोकाला फाटलं असेल तर विश्रांतीने जुळण्याची शक्यता बरी असते. खालच्या, मनगटाकडे जाणाऱ्या हाडाच्या टोकाला फाटलं असेल तर विश्रांती बहुधा पुरत नाही. आम्हाला हे पहिल्या भेटीत कोणी सांगितलं नव्हतं. "किती फाटलंय" हे सगळे विचारतात, तुम्ही "कुठे फाटलंय" हेही विचारा.

पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढून कोपरात टोचायच्या, याची जाहिरात खूप होते. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत निकाल फार चांगले आले होते. पण त्याच ५४४ खेळाडूंमध्ये पीआरपी घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना केल्यावर फायदा काही दिसला नाही. इन्शुरन्स सहसा त्याचे पैसे देत नाही, म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

दोन जपानी खेळाडू या पर्यायाच्या दोन बाजू दाखवतात. मासाहिरो तनाकाचं लिगामेंट जुलै २०१४ मध्ये अर्धवट फाटलं. पीआरपी आणि विश्रांती घेऊन तो सप्टेंबरमध्येच परतला, आणि या लिगामेंटचं ऑपरेशन न करता २०२० पर्यंत न्यूयॉर्क यांकीज संघासाठी पिच करत राहिला. शोहेई ओहतानीला जून २०१८ मध्ये हेच उपचार दिले. तोही सप्टेंबरमध्ये माउंडवर, म्हणजे पिचर जिथून फेकतो त्या उंचवट्यावर, उभा राहिला, पण त्याच सामन्यानंतर नवी इजा दिसली आणि १ ऑक्टोबरला ऑपरेशन झालं. दुखापत तीच, औषध तेच, डॉक्टर दोघांचेही नावाजलेले. यात कोणाची चूक नव्हती. इथे खात्रीचा उपाय कोणी विकत असेल तर त्याच्यापासून दूर राहा.

पुनर्रचना, म्हणजे टॉमी जॉन

फाटलेल्या लिगामेंटच्या जागी मनगटातला किंवा मांडीतला टेंडन हाडांत भोकं पाडून ओवायचा, हे ते प्रसिद्ध ऑपरेशन. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी टॉमी जॉन या पिचरवर ते पहिल्यांदा केलं, तेव्हा यशाची शक्यता त्यांना शंभरात एक वाटत होती. टॉमी जॉन १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे आहेत. आज मोठ्या लीगमधले पाचांतले साधारण चार पिचर या ऑपरेशननंतर पुन्हा मोठ्या लीगमध्ये उतरतात. विश्रांतीच्या नाणेफेकीशेजारी हा आकडा ठेवला की ऑपरेशनचं पारडं जड वाटतं.

पण या चौघांना परतायला बारा ते अठरा महिने लागतात. पंचवीस वर्षांच्या व्यावसायिकाला त्या काळात पूर्ण पगार मिळतो, रोज फिजिओ असतो, आणि हात बरा करणं हेच त्याचं काम असतं. सोळा वर्षांच्या मुलाला त्याच काळात केमिस्ट्री असते, कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा असते आणि मित्र खेळताना बाकावर बसणं असतं. अकरावीत ऑपरेशन झालं तर कॉलेजचे कोच बघायला येतात तो मोसम गेलाच.

एक गैरसमज मला मैदानावर तीन-चार पालकांकडून ऐकायला मिळाला: "टॉमी जॉन केल्यावर वेग वाढतो, म्हणून आत्ताच उरकून घ्या." हे खरं नाही. ऑपरेशनने वेग वाढत नाही. वर्षभर शिस्तीने व्यायाम केल्याने जे वाढतं तेवढंच, आणि ते न कापताही वाढतं. बसवलेला टेंडनही फाटू शकतो. ओहतानीचा ऑगस्ट २०२३ मध्ये फाटला आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत झालेल्या या ऑपरेशनांपैकी निम्म्याहून अधिक पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांवर झाली होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुरुस्ती आणि आतला पट्टा

मधला रस्ता नवा आहे. आपलंच लिगामेंट हाडाला परत शिवायचं आणि त्यावर आधाराला मजबूत धाग्याची पट्टी बसवायची, याला इंटर्नल ब्रेस म्हणतात. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या डॉ. जेफ्री डुगास यांनी २०१३ साली ही पद्धत सुरू केली. २०१९ मध्ये १११ खेळाडूंचे निकाल आले: ९२ टक्के पूर्वीच्या किंवा वरच्या पातळीवर परतले, तेही सरासरी पावणेसात महिन्यांत. आकडे बघून हुरळायला होतं. पण हे ऑपरेशन ज्यांचं लिगामेंट मुळात धडधाकट आहे आणि फक्त टोकाशी हाडापासून सुटलंय, त्यांच्यासाठीच आहे. वर्षानुवर्षं ताणून विरलेल्या लिगामेंटला शिवायला जागाच राहत नाही. कोवळ्या वयात ते बहुधा चांगलं असतं, म्हणून मुलांसाठी हा पर्याय डॉक्टरांना आवर्जून विचारा, आणि त्यांनी स्वतः अशी किती केली आहेत तेही विचारा.

पिचिंग सोडणं

हाही पर्याय आहे आणि तो पराभवाचा मानू नये. फाटलेल्या यूसीएलने लिहिणं, गाडी चालवणं, पोहणं यात सहसा अडथळा येत नाही. इतकंच काय, आर. ए. डिकी या पिचरच्या कोपरात यूसीएल नव्हतंच. १९९६ मध्ये टेक्सास रेंजर्सच्या डॉक्टरांना ते कळलं आणि संघाने देऊ केलेली ८,१०,००० डॉलरची रक्कम ७५,००० वर आली. तोच डिकी पुढे नकलबॉल हा संथ, डगमगत जाणारा चेंडू टाकायला शिकला आणि २०१२ चा साय यंग पुरस्कार, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, जिंकला. असा चमत्कार प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, पण फर्स्ट बेसवर उभं राहणं किंवा नुसती बॅटिंग करणं शक्य असतं. ओहतानीने २०२४ चा सगळा मोसम एकही पिच न टाकता ५४ होमरन मारले.

संघ कोणाचा हात सांभाळतो?

उपचार कुठलाही निवडा, परत जायचं त्याच मैदानावर आहे. म्हणून संघाची निवड मला उपचाराइतकीच महत्त्वाची वाटते.

वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१२ मध्ये स्टीफन स्ट्रासबर्गला १५९ इनिंगनंतर थांबवलं (बेसबॉलमध्ये एक इनिंग म्हणजे तीन गडी बाद होईपर्यंतचा डाव). २०१० मध्ये त्याचं ऑपरेशन झालं होतं, संघ ९८ सामने जिंकून प्लेऑफमध्ये चालला होता, आणि आपला सगळ्यात तेज पिचर त्यांनी घरी बसवला. संघ पहिल्याच फेरीत हरला आणि टीकेचा भडिमार झाला. सात वर्षांनी, २०१९ मध्ये, तोच स्ट्रासबर्ग वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. न्यूयॉर्क मेट्सच्या मॅट हार्वीने ऑपरेशननंतरच्या पहिल्याच मोसमात, २०१५ मध्ये, प्लेऑफ धरून २१६ इनिंग टाकल्या. पुढच्याच वर्षी त्याच्या खांद्याजवळ ऑपरेशन झालं आणि तो पूर्वीसारखा कधी दिसला नाही. दोन उदाहरणांवरून सिद्ध काहीच होत नाही, शिवाय स्ट्रासबर्गची शेवटची वर्षंही दुखापतींतच गेली. तरी माझ्या मुलासाठी मला नॅशनल्ससारखा संघ हवा.

त्याहून मला भिडला तो जपानमधल्या ओफुनातोच्या शाळेचा कोच. जुलै २०१९, इवाते प्रांताची अंतिम फेरी, जिंकलं की कोशिएनचं, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं, तिकीट. त्याच्याकडे होता संघाचा मुख्य पिचर, रोकी सासाकी. आदल्या दिवशी उपांत्य फेरीत पोराने १२९ पिच टाकले होते. कोचने त्याला माउंडवर पाठवलंच नाही. संघ १२-२ हरला आणि शाळेत संतापलेल्या लोकांचे फोन खणखणत राहिले. त्याच देशात २०१३ मध्ये सोळा वर्षांच्या तोमोहिरो अनराकूकडून एकाच कोशिएन स्पर्धेत ७७२ पिच टाकून घेतले होते. आठवड्याला ५०० पिचची मर्यादा तिथे २०२० मध्ये आली.

इथल्या मुलांसाठी मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलने २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' ही नियमावली काढली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, ७६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस सुट्टी, आणि वर्षातले चार महिने पिचिंग बंद. नियम चांगला आहे, अडचण मोजण्यात आहे. आमच्या मुलाच्या शाळेचा कोच मोजत होता, ट्रॅव्हल टीमचा, म्हणजे शाळेबाहेरच्या संघाचा, कोचही आपल्या परीने मोजत होता. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही आणि आम्ही बेरीज केली नाही. शुक्रवारी शाळेसाठी ७०, रविवारी टीमसाठी ६०, आणि शनिवारी "थोडंसं" शोकेस, म्हणजे कॉलेजच्या कोचांसमोर खेळून दाखवणं. दुखतंय हे त्याने कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते त्याने डाव्या हाताने वरणभात कालवायला घेतला तेव्हा. हात थकलेला असताना नेहमी पिच करणाऱ्या मुलांत ऑपरेशनची शक्यता ३६ पट असल्याचं एका अभ्यासात दिसलं आहे. कोणत्या संघात घालायचं हे ठरवताना आता मी ट्रॉफ्या बघत नाही. कोचला एवढंच विचारते: मूल "हात जड वाटतोय" म्हणालं तर तुम्ही काय करता? उत्तराआधी कोच जरा थांबला तर मला काय ते कळतं.

मग निवडायचं काय?

लिगामेंट अर्धवट फाटलंय, वरच्या टोकाला फाटलंय आणि मूल अजून शाळेत आहे, तर तीन-चार महिन्यांची खरी विश्रांती आधी द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती फसली तर एक मोसम जातो, पण ऑपरेशनची दारं बंद होत नाहीत. पूर्ण फाटलंय आणि मुलाला पिचच करायचं आहे, तर विश्रांतीत महिने घालवू नका. दुरुस्ती होऊ शकते का ते आधी बघा, नाहीतर पुनर्रचना. आणि मुलाला खरंच पिच करायचं आहे का, हे कोच आणि वडील खोलीत नसताना विचारा. कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा हिशेब मनात असेल तर हेही धरा की अनेक वर्षं डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीच्या, अख्ख्या संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्याच होत्या आणि त्याही तुकडे करून वाटल्या जायच्या. त्यासाठी कोपर पणाला लावू नये.

आमच्या मुलाचं वरच्या टोकाला फाटलं होतं. आम्ही विश्रांती निवडली. साडेचार महिन्यांनी मागच्या अंगणात पंचेचाळीस फुटांवर त्याने वडिलांकडे पहिला चेंडू फेकला. सासूबाई भारतात परत जाताना त्यांचं जपाचं काउंटर, ते बोटात घालायचं, इथेच विसरून गेल्या होत्या. ते मी बोटात घातलं होतं. त्या दिवशी पंचवीसला थांबलो. या वसंतात तो आठवड्यातून एकदाच, तीन इनिंग टाकतो, आणि काउंटर अजून माझ्याच बोटात असतं.