ट्वायलाइट स्ट्रगल : शत्रूचेच पत्ते खेळायला लावणारा डाव

आनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी रचलेला शीतयुद्धावरचा हा बोर्ड गेम जीएमटी गेम्सनं २००५ मध्ये काढला. दोघांनीच खेळायचा: एक अमेरिका, दुसरा सोव्हिएत युनियन. डिलक्स आवृत्तीत जाड पुठ्ठ्याचा नकाशा, ११० पत्ते, प्रभावाच्या (कोणत्या देशात कुणाचं किती वजन हे दाखवणाऱ्या) सोंगट्या आणि दोन फासे येतात. टर्न, म्हणजे फेऱ्या, दहा. डावाला तीन तास सहज लागतात, नवख्यांनी चार धरावेत.

गेमचा जीव एका नियमात आहे. एखाद्या प्रदेशाचे गुण मोजायला लावणारे स्कोअरिंगचे पत्ते सोडले तर प्रत्येक पत्त्यावर १ ते ४ पर्यंतचा ऑप्स (कारवाईची ताकद) आकडा असतो आणि एक घटना. घटना आपल्या बाजूची असेल तर आकडा किंवा घटना, यांपैकी एकच वापरता येतं. ती शत्रूची असेल तर आकडा आपल्याला मिळतो, पण घटनाही घडतेच, आणि आपल्याच हातून. त्यामुळे निम्मा डाव नुकसान कुठे आणि कधी सोसायचं हे ठरवण्यात जातो. ‘ब्लॉकेड’ हा १ ऑप्सचा सोव्हिएत पत्ता बघा. तो घडला की अमेरिकेनं ३ किंवा जास्त ऑप्सचा पत्ता टाकून द्यायचा, नाहीतर पश्चिम जर्मनीतला सगळा प्रभाव साफ. अमेरिकेच्या हातात तो आलाच तर मोठा पत्ता शिल्लक असेपर्यंत खेळून मोकळं व्हावं. शेवटपर्यंत दाबून ठेवणारे हमखास अडकतात.

नको असलेला पत्ता अवकाश स्पर्धेत ढकलता येतो, पण सुरुवातीला टर्नमध्ये एकच आणि किमान २ ऑप्सचा. म्हणजे १ ऑप्सचे पत्तेच सगळ्यात घातक. डेफकॉन (अणुयुद्धाच्या धोक्याचा आकडा; १ म्हणजे युद्ध) २ वर असताना सोव्हिएत खेळाडूनं ‘सीआयए क्रिएटेड’ हा १ ऑप्सचा अमेरिकी पत्ता खेळला, तर अमेरिकेला १ ऑप्सची चाल मिळते. आफ्रिकेत किंवा लॅटिन अमेरिकेत एखाद्या बॅटलग्राउंड, म्हणजे कळीच्या, देशात सोव्हिएत प्रभाव असेल तर अमेरिका तिथे कू (शत्रूचा प्रभाव उखडणारा सत्तापालट) करते, डेफकॉन १ वर येतो, आणि अणुयुद्धाचा दोष ज्याची पाळी चालू आहे त्याच्या माथी. म्हणजे सोव्हिएत हरला. पहिल्या चार-पाच डावांत हे एकदा तरी होतंच. उपाय: डेफकॉन ३ असतानाच पत्ता काढून टाकायचा, किंवा हातात राहणारा एक पत्ता म्हणून पुढच्या टर्नला न्यायचा. स्कोअरिंगचा पत्ता मात्र असा दडवता येत नाही; टर्न संपताना हातात सापडला की डाव गमावला.

सोव्हिएतची सुरुवात बहुधा इराण किंवा इटलीतल्या कूनं होते. कूचं गणित: फासा अधिक ऑप्स, वजा देशाच्या स्थैर्याची (तो वळवायला किती अवघड, या आकड्याची) दुप्पट. इराणचं स्थैर्य २, म्हणून ४ ऑप्सच्या पत्त्यानं जेवढा फासा तेवढा निकाल. मूळ मांडणीत तिथे अमेरिकेचा प्रभाव १. फाशावर ३ पडले की इराण सोव्हिएतकडे. १ पडला तर मात्र मोठा पत्ता जवळपास वाया. फाशावर चिडणाऱ्यांनी हा गेम घेऊच नये.

खटकणारी गोष्ट भारताबद्दलची. स्थैर्य ३, बॅटलग्राउंड, संपलं! अलिप्ततावादाला स्वतःची चाल नाही. ‘इंडो-पाकिस्तानी वॉर’ हा पत्ता कोणत्याही महासत्तेनं खेळावा, भारत किंवा पाकिस्तान यांपैकी लक्ष्य निवडावं, फाशावर ४ ते ६ आले की २ गुण आणि तिथला शत्रूचा सगळा प्रभाव आपला (लक्ष्याच्या शेजारचे देश शत्रूकडे असतील तर दरेकी १ वजा). दिल्ली आणि इस्लामाबादला स्वतःचं काही डोकं होतं, हे नकाशाला ठाऊकच नाही. एक देश पडला की शेजारचा पडतो, ही त्या काळची वॉशिंग्टनची समजूत इथे थेट नियम बनली आहे. आपल्याकडच्या इतिहासप्रेमीनं एवढं गिळूनच खेळायला बसावं.

दुसरी अडचण माणसांची. पत्ते पाठ असलेला खेळाडू नवख्याला चौथ्या-पाचव्या टर्नलाच २० गुणांनी गुंडाळतो. म्हणून एकच पक्का जोडीदार असेल तरच पेटी मागवा. आयात शुल्क धरून ती स्वस्त पडत नाही. जोडीदार नसेल तर प्लेडेक कंपनीची डिजिटल आवृत्ती पुरते. नियम ती स्वतःच पाळते. तुल्यबळ जोडीत सोव्हिएतचं पारडं जरा जड असतं, तेव्हा अमेरिकेला सुरुवातीलाच २ जादा प्रभाव द्या, आणि त्यातला निदान एक इराणमध्ये ठेवा.