मामाची अकरा जुनी इंजिनं, कूलंटचा राइस कुकर आणि दहा महिने: वापरानंतरचा अनुभव

मामा गेला त्याच्या पुढच्या दिवाळीला माळा आवरताना मामीने एक पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली आणि म्हणाली, "घेऊन जा रे बाबा, तुझ्याशिवाय यातलं कोणाला काय कळतंय." आत मॉडेल विमानांची अकरा इंजिनं, प्रत्येक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. मामा सत्तरच्या दशकात एनसीसीच्या एअर विंगमध्ये कॅडेट होता, तिथेच हा नाद लागला आणि पुढे नोकरीला लागल्यावरसुद्धा रविवारी कंट्रोल लाइनची विमानं उडवायचा, म्हणजे हँडलला दोन तारा, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरतं ते. मी तेव्हा तारांच्या दुसऱ्या टोकाला विमान धरून बसणारा आणि त्याने हात वर केला की सोडणारा. त्यामुळे फडकी उघडल्यावर तो जुन्या एरंडेलाचा गोडसर कुबट वास आला ना, काही वेळ मी काहीच केलं नाही, नुसता बसून राहिलो.

अकरापैकी नऊ पूर्ण जाम, शाफ्ट तसूभर हलेना. दोन मात्र बोटाने फिरत होती आणि मी खूश झालो की चला, निदान ही दोन तरी लगेच चालू होतील. आज दहा महिन्यांनी सांगतो, नेमकं उलटं निघालं. जाम असलेली बहुतेक सगळी वाचली आणि त्या फिरणाऱ्या दोघांनीच मला सगळ्यात जास्त त्रास दिला.

कारण असं आहे. ही बहुतेक ग्लो इंजिनं, म्हणजे प्लगमधल्या तापलेल्या तारेने इंधन पेटतं ती. त्यांचं इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात वंगण म्हणून २० ते २५ टक्के एरंडेल, कधी थोडं नायट्रोमिथेन. मिथेनॉल उडून जातं, एरंडेल मागे राहतं आणि वर्षानुवर्षं हवा खाऊन घट्ट होत जातं, आधी मधासारखं, मग डिंकासारखं, शेवटी फर्निचरच्या पॉलिशसारखा कडक तपकिरी थर. पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) यांच्यामधली फट मुळातच केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी, तिथे हा थर बसला की इंजिन जाम. पण तोच थर आतल्या लोखंडावर असल्यामुळे दमट हवा तिथपर्यंत पोचलेली नसते. म्हणून जाम इंजिन हातात आलं तर भंगारात टाकू नका हो, प्लीज. आत बऱ्याचदा मामाने शेवटचं बंद केलं तेव्हाचाच पिस्टन असतो, जसाच्या तसा.

हे कळायच्या आधी एक इंजिन मी घालवलं, ते आधी सांगतो म्हणजे तुमचं वाचेल. अडीच सीसीचं छोटं इंजिन, त्याला प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, लावला आणि दोन्ही हातांनी जोर दिला. टक् असा बारीक आवाज आला, शाफ्ट हलला, मला वाटलं सुटलं. मागचं झाकण उघडलं तर पिस्टनला शाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकलेला आणि पिस्टन होता तिथेच. त्याचे पार्ट आता मिळत नाहीत. प्रॉप हा जवळजवळ फूटभराचा दांडा आहे, त्याने किती जोर त्या काडीएवढ्या रॉडवर जातो याचा अंदाज हाताला येत नाही. तसंच एक्झॉस्टच्या खिडकीतून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन ढकलायचा मोह होतो, तो अजिबात करू नका, एक ओरखडा पडला की कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबून धरणं, गेलं. व्हाइसमध्ये धरायचं तर लाकडाच्या पट्ट्या लावूनच.

आता मुख्य गोष्ट, कूलंट. बाहेरच्या देशांतले लोक यासाठी स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं) गाडीचं अँटीफ्रीझ, म्हणजे कूलंटच, वापरतात, आपल्याकडे स्लो कुकर कोणाकडे असतो, म्हणून मी जुन्या बाजारातून साडेतीनशे रुपयांना एक इलेक्ट्रिक राइस कुकर उचलला, आणि स्पेअर पार्टवाल्याकडून इथिलीन ग्लायकॉलचं हिरवं कूलंट. घेताना कॉन्सन्ट्रेट आहे ना ते विचारून घ्या, आधीच पाणी घातलेलं मी पहिल्यांदा आणलं होतं, तेही काम करतं पण दुप्पट वेळ लावतं. कार्ब्युरेटर, प्लग, ओ-रिंग, प्लास्टिक आणि रबराचं जे जे निघेल ते आधी काढायचं, इंजिन पूर्ण बुडेल एवढं कूलंट ओतायचं आणि चालू करायचं. कुकर खट करून वॉर्मवर गेला की तिथेच राहू द्यायचा, सात-आठ तास. उकळायचं नाही, नुसतं गरम राहायला पाहिजे. ग्लायकॉल तो एरंडेलाचा थर हळूहळू सोडवतं, बाकी ॲल्युमिनियमचा डागाळलेला क्रँककेससुद्धा (इंजिनाचं बाहेरचं कवच) आतून उजळून निघतो, तो बोनस.

हे सगळं गॅलरीत, घरात नाही. वाफ नाकात घेऊ नका. आणि तो कुकर परत कधीही भाताला वापरायचा नाही, मी त्यावर लाल ऑइलपेंटने "विष" लिहून ठेवलंय. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, अगदी थोडंही पुरतं. आमच्या सोसायटीत तीन मांजरं आहेत म्हणून मी झाकणावर वीट ठेवतो. वापरलेलं कूलंट गटारात ओतत नाही, फडक्यातून गाळून परत कॅनमध्ये, तेच परत परत चालतं.

पहिलं टाकलं ते एन्या १९, जपानी, साधारण सव्वातीन सीसीचं, मामाचं सगळ्यात लाडकं. रात्री लावलं आणि पहाटे साडेपाचला उठून बघतो तर हिरवं पाणी चहासारखं झालेलं. चिमट्याने इंजिन बाहेर काढलं, जाड हातमोजे घालून, आणि गरम असतानाच प्रॉप लावून नुसतं डोलवलं, फिरवलं नाही, डोलवलं, एकदा इकडे एकदा तिकडे. काही नाही. परत कुकरमध्ये अर्धा तास. परत डोलवलं. चौथ्या वेळेला सुईच्या टोकाएवढं हललं असं वाटलं, म्हटलं मनाचे खेळ, पण एक्झॉस्टच्या खिडकीत पिस्टनच्या कडेला एक तपकिरी धार दिसली, काकवीसारखी, आधी नव्हती ती. मग इकडे एक मिलिमीटर, तिकडे एक मिलिमीटर, दर वेळी थोडं जास्त, आणि पाच मिनिटांनी पिस्टन वरून पूर्ण फिरून खाली आला आणि कॉम्प्रेशनचा तो ओळखीचा फुसकारा ऐकू आला. मी मामीला फोन लावला तेव्हा सहासुद्धा वाजले नव्हते.

सुटल्यावर लगेच पुढचं काम करायचं, इथे आळस नको. गरम पाण्याने ग्लायकॉल धुवून काढायचं, हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या गनने, कोरडं करायचं आणि ताबडतोब तेल. मी गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल एटीएफ वापरतो. आता आत संरक्षण देणारा थर राहिलेला नाही, रात्रभर ओलं ठेवलंत तर सकाळी गंजाची झाक दिसणार.

नुसत्या हीट गननेही दोन इंजिनं सुटली, जी कमी जाम होती. सिलिंडर बाहेरून सगळीकडून सारखा तापवायचा, एका जागी गन धरून ठेवायची नाही. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि एरंडेलही मऊ पडतं, त्यामुळे हेडचे स्क्रूसुद्धा गरम असतानाच सोडवा. जपानी इंजिनांच्या स्क्रूंना जपानी मापाचाच स्क्रूड्रायव्हर लागतो, आपला नेहमीचा चार खाचांचा फिलिप्स त्यात नीट बसत नाही आणि स्क्रूचं तोंड खाऊन टाकतो. मी दोन स्क्रू असे घालवल्यावर मुद्दाम तसा एक मागवला, वर्थ आहे. डब्ल्यूडी-४० सुद्धा आधी वापरून बघितलं, चार-चार दिवस भिजवून. एरंडेलाच्या कडक थरावर त्याचा मला फारसा उपयोग झाला नाही.

कॉक्स बेबी बी या इंजिनाचं वेगळंच, पॉइंट शून्य चार नऊ घनइंच म्हणजे जेमतेम ०.८ सीसी, मुठीत मावतं. ते तीन तासांत सुटलं. पण प्रॉपच्या पुढची लाल रंगाची टोपी, स्पिनर, काढायचा राहिला आणि त्याचा रंग फिका गुलाबी झाला, तर रंगीत ॲल्युमिनियमचं काहीही कूलंटमध्ये घालू नका. आणि कॉक्सचा सिलिंडर खोलायला त्याचाच पाना पाहिजे, एक्झॉस्टच्या फटीत काही अडकवून फिरवला तर तो दबतो.

नऊपैकी एक तर जाम नव्हतंच! ते एबीसी प्रकारचं होतं, म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेचा लायनर आणि आतून क्रोम. त्याचा लायनर वरच्या टोकाला मुद्दाम निमुळता असतो, थंड असताना पिस्टन वर जाऊन घट्ट धरतो आणि तापल्यावरच बरोबर मोकळा होतो. हीट गनने दोन मिनिटं तापवलं आणि बोटाने फिरलं. एबीसी थंड असताना जबरदस्तीने फिरवायचं नाही हे त्यावरून पक्कं डोक्यात बसलं.

आता ती फिरणारी दोन. ती मामाने बहुतेक शेवटी शेवटी सिंथेटिक तेलाच्या तयार इंधनावर चालवली असणार, ते तेल असं चिकटत नाही, पण उरलेलं इंधन ओलावा ओढतं आणि बॉल बेअरिंग गंजतं. फिरवताना वाळूत फिरवल्यासारखी करकर. एकाचा क्रँककेस चांगला तापवून लाकडाच्या ठोकळ्यावर आपटला तर मागचं बेअरिंग आपसूक बाहेर पडलं, पुढचं लाकडी दांडीने हलकेच ठोकून काढलं, त्यावरचे नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलो, दोन्ही मिळाली, इंजिन आता मस्त. दुसऱ्याचा लायनरच गंजाने खाल्लाय, खड्डे पडलेत, त्याला माझ्याकडे उपाय नाही. कूलंट गंज काढत नाही, हे लक्षात ठेवा. गंजाने अडकलेल्या शाफ्टला एटीएफ आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून दिवसातून दोनदा थेंब सोडले त्याचा उपयोग झाला, पण त्या दिवशी हीट गन कपाटात, ॲसिटोन भसकन पेटतं.

चालवण्याबद्दल थोडक्यात. मिथेनॉल सहजासहजी मिळत नाही, म्हणून मी हॉबीवाल्याकडून तयार ग्लो इंधन घेतो आणि वरून शुद्ध एरंडेल घालतो, कारण या जुन्या लोखंडी पिस्टनवाल्यांना त्याचीच सवय आहे. प्लगला १.२ व्होल्टचा सेल, तार नारिंगी तापली पाहिजे. इंजिन जाड फळीला बोल्टने घट्ट, फळी टेबलाला क्लॅम्प, प्रॉप फिरवायला बोट नाही तर लाकडी काठी, आणि चालू झालं की प्रॉपच्या मागेच उभं राहायचं, समोर किंवा बाजूला कोणी नको. पहिल्या पाच-सहा वेळा नीडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) मुद्दाम जास्त उघडी, दोन-दोन मिनिटं, मध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचं. ट्रंकेतलं ओएस मॅक्स ३५ इंजिन अशाने तिसऱ्या रविवारी एकसारखं पळायला लागलं. सासवडच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर हे सगळं करतो, एकदा मामीलाही नेलं होतं. एन्याचा धूर तिच्या अंगावरून गेला तेव्हा ती म्हणाली, "याच वासाचे शर्ट मी वीस वर्षं धुतलेत." आणि मग म्हणाली, अजून एकदा लाव.

हिशोब सांगतो म्हणजे अंदाज येईल. नऊ जामपैकी सात सुटली, एक जाम नव्हतं, एक मी मोडलं. सुटलेल्या सातांपैकी सहा चालतात. खर्च कुकर, कूलंट, हीट गन, बेअरिंग सगळं धरून साडेतीन हजारांच्या आत.

सातवं राहिलंय ते कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरचं ऑरोरा, डिझेल. त्याला प्लगच नसतो, वर टी-आकाराचा कॉम्प्रेशनचा स्क्रू असतो आणि इंधनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण एकेक वाटा. पिस्टन कूलंटमध्ये एका रात्रीत सुटला, पण त्या स्क्रूखालचा सरकणारा दुसरा पिस्टन, काँट्रापिस्टन, तीन वेळा बुडवून आणि तापवून मगच हलला. आता घुमवलं की कॉम्प्रेशन इतकं सणसणीत आहे की प्रॉप उलटा फिरून हाताला लागतो. फक्त ईथर अजून मिळालेलं नाही. मिळालं की त्याचं वेगळं लिहीन.