मुरमांवर फंक्शनल मेडिसिन: 8 महिने आणि 41 हजारांनंतर

गेल्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या धांदलीत, मी एका डॉक्टरबाईंचा तीन महिन्यांचा ऑनलाइन फंक्शनल मेडिसिन (आजाराचं मूळ शोधून इलाज करायची पद्धत) प्रोग्राम घेतला. फी 18 हजार, तपासण्या 14 हजार, गोळ्या-पावडरी 9 हजार. आकडा ऐकून आई म्हणाली, "इतक्यात तं चार बकऱ्या आल्या असत्या व माय!"

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहते, वय 26, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. नऊ वर्षांपासून हनुवटी आणि जबड्यावर मुरमं, दाबली तर कळ डोक्यात जाईल अशी. दोन वर्षांपूर्वी पाहुणे बघायला येणार म्हणून मेडिकलमधून एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत, वर गोरा. मग ती सोडवेचना. एक दिवस चुकली की तोंड लालबुंद.

पहिला व्हिडिओ कॉल 50 मिनिटं चालला (रेंजसाठी मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून). याआधी कुठल्याच डॉक्टरनं मला पाच मिनिटांवर दिली नव्हती. पाळी किती दिवसांनी येते, झोप किती, दिवसाला चहा किती, चेहऱ्याला काय काय लावते, सगळं विचारलं. पाळी 45-50 दिवसांनी येते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरला सांगितलं, कारण विचारलंच पहिल्यांदा. आणि ट्यूबचा फोटो पाठवल्याबरोबर त्या म्हणाल्या, यात क्लोबेटासोल आहे, तेज स्टिरॉइड, चेहऱ्याला लावायचंच नसतं. ट्यूब बंद. पुढचे सहा आठवडे माझं तोंड बघवत नव्हतं, सणालासुद्धा मी घराबाहेर पडले नाही. पण ती ट्यूब सुटली, आणि याचं श्रेय त्यांचंच.

फंक्शनल मेडिसिन ही पद्धत अमेरिकेतली. जेफ्री ब्लँड या बायोकेमिस्टनं 1991 मध्ये तिची संस्था काढली. मुरूम चेहऱ्यावर असला तरी मूळ आतड्यात, हार्मोनमध्ये, खाण्यात शोधायचं, असं तिचं म्हणणं. माझ्या बाबतीत शोध थोडा बरोबर निघाला. उपाशीपोटीचं इन्सुलिन वाढलेलं, सोनोग्राफीत पीसीओडी (अंडाशयात बारीक गाठी, पाळी लांबणं). इन्सुलिन जास्त असलं की अंडाशयातून अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) वाढतं, त्यानं त्वचेतलं तेल वाढतं. मग चहाचा हिशेब मांडला. ऑफिसात जो येतो तो चहा सांगतो. दिवसाला सात कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत बिस्किटं. म्हणजे 14 चमचे साखर मी जेवणाव्यतिरिक्त पीत होते! ऑस्ट्रेलियातला 2007 चा एक अभ्यास डॉक्टरबाईंनी दाखवला: 43 तरुण, 12 आठवडे, रक्तातली साखर झटकन चढवणारं खाणं कमी केलेल्यांची मुरमं जास्त उतरली. छोटा अभ्यास आहे, पण चहा कमी करायला काही खर्च येत नाही, म्हणून केला. आता दोन कप, बिनसाखरेचे. रात्री जेवून अर्धा तास चालणंही सुरू केलं. पहिले पंधरा दिवस प्रत्येक ओट्यावरून "कुठी चालली वं एवढ्या रात्री?" आता विचारत नाहीत.

आता ज्याचा राग आहे ते. 9,500 रुपयांची फूड सेन्सिटिव्हिटी तपासणी. रिपोर्टमध्ये 22 पदार्थ लाल, म्हणजे खायचे बंद, त्यांत गहू, दूध, अंडी, शेंगदाणे आणि तूर. तूर! घरच्या वावरात पिकते, रोज वरण असतं. दोन महिने मी वरण सोडलं. ही आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडीची) तपासणी, आणि अमेरिका-युरोपातल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटना ती करूच नका म्हणतात, कारण शरीरानं तो पदार्थ ओळखला एवढंच त्यातून कळतं. जे रोज खाल तेच लाल येणार. गव्हाऐवजी ज्वारी खा म्हणणं सोपं, पण आमच्याकडं सोयाबीन आल्यापासून ज्वारी पेरतं कोण? पेरली तर पाखरं आणि रानडुकरं. भाकरीसाठी ज्वारी मी विकत आणली, रेशनचा गहू घरात पडलेला असताना.

गोळ्यांचंही तसंच. झिंक 50 मिलिग्रॅम उपाशीपोटी घेतलं की ऑफिसात बसल्या बसल्या मळमळायचं. दुसऱ्या महिन्यात कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या, डॉक्टरबाई म्हणाल्या, "डिटॉक्स आहे", म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडतेय. डिटॉक्स कसला! जास्त मात्रेच्या बी12 नं मुरमं येऊ शकतात, आणि त्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये ते भरपूर होतं. हे कळलं यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. दिवाळीनंतर तिथल्या स्किन ओपीडीत गेले, रांगेत तीन तास.

तिथं अ‍ॅडापालीन हे मुरमांवरचं जेल 0.1 टक्के, रात्री वाटाण्याएवढं, आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के. लग्न ठरलं, दिवस राहण्याचा विचार झाला की अ‍ॅडापालीन थांबवायचं, हेही सांगितलं. प्रोग्राममध्ये जेल "वरवरचा इलाज" म्हणून मनाई होती. माझे तीन महिने तिथं वाया गेले असं मला वाटतं. पहिले चार आठवडे साल निघाली, आठव्या आठवड्यापासून नवे गोळे येणं थांबलं. एक सांगते, बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग खातं. माझ्या निळ्या दुपट्ट्यावर हनुवटीच्या जागी केशरी डाग पडलाय. उन्हाळ्यात 45 डिग्रीत तोंडाला बांधलेला हाच घामट दुपट्टा मी चार-चार दिवस धूत नव्हते. आता रोज धुते, पांढरा सुती वापरते.

आज फेब्रुवारीत: पाळी 34-35 दिवसांवर आली. पाळीआधी हनुवटीवर एखाददुसरा येतो. जुने काळे डाग आहेत. चहा, चालणं आणि जेल, यातलं कशानं किती झालं ते वेगळं काढता येत नाही, पण वरण सुरू करून तीन महिने झाले आणि त्यानं काही बिघडलं नाही.

कुणी विचारलं तर मी म्हणते, पहिल्या कॉलचे पैसे द्या, पाळी, साखर, इन्सुलिन तपासा, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. लाल-हिरव्या रिपोर्टला हात लावू नका आणि जेल कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंचा मेसेज आला, "पुढचा टप्पा: आतडं दुरुस्ती, 22 हजार." आईनं तो वाचला. झिंकची उरलेली बाटली तिनं फडताळात मागं सरकवली आणि तुरीचं वरण फोडणीला टाकलं.