जुन्या इंजिनातला गंज आणि गाळ: सायट्रिक अ‍ॅसिड आणि होजमधली जाळी, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांतला गंज सायट्रिक अ‍ॅसिड छान काढतं, पण गाळ काढत नाही. अ‍ॅसिड फिरवलं, पाणी स्वच्छ आलं म्हणजे काम संपलं असं धरून चाललं, तर सुटलेले पापुद्रे थोड्याच दिवसांत रेडिएटरमध्ये जाऊन बसतात आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. म्हणून हा अभिप्राय अ‍ॅसिड आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) बसवलेली जाळी, अशा जोडीबद्दल आहे. इंजिन बिडाच्या ब्लॉकचं, चार सिलिंडरचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा, झाळलेला.

कामाला हात घालण्याआधी एक मोजमाप जरूर करावं. रेडिएटरची तोटी आणि ब्लॉकची तोटी दोन्ही उघडून सगळं पाणी काढायचं, मग मोजून भरायचं. हँडबुकात क्षमता दहा लिटर दिली असेल आणि हवा नीट काढूनही साडेआठच लिटर मावत असेल, तर उरलेल्या दीड लिटरच्या जागेत गाळ आहे. बहुतेक वेळा ब्लॉकच्या तोटीतून थेंबही येत नाही. ती काढून भोकात जाड तार फिरवली की आधी काळपट चिखल येतो आणि मग पाण्याची धार लागते. तोटीच्या आतला भाग इतका बुजलेला असताना वरून कितीही पाणी सोडलं तरी तळाचा गाळ हलत नाही.

गाळ सर्वात जास्त साचतो तो मागच्या सिलिंडरभोवती. पाण्याचा पंप पुढे असतो, मागे पोहोचेपर्यंत प्रवाह मंदावतो आणि जड कण तिथेच खाली बसतात. त्यात गंजाचे पापुद्रे असतात, क्षार असतात आणि ब्लॉक ओतताना आत राहिलेली साच्याची वाळूही असते. मीटरचा काटा मध्यावर असला तरी मागचं सिलिंडर वेगळंच तापत असू शकतं, कारण मीटरचा सेन्सर साधारणपणे पुढे, थर्मोस्टॅटजवळ (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेजवळ) असतो. लेझरच्या थर्मामीटरने ब्लॉकच्या बाजूने पुढून मागे तापमान घेतलं की हे लगेच दिसतं. आमच्या इंजिनात मागचा भाग स्पष्टपणे जास्त गरम होता. तिथला कोअर प्लग (ब्लॉकच्या बाजूची भोकं बंद करणारी पत्र्याची वाटी) काढला, तेव्हा भोकाच्या निम्म्या उंचीपर्यंत घट्ट थर होता, स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागेल इतका.

हे काम हातानेच करावं लागतं. कोअर प्लग काढा आणि सायकलच्या ब्रेकच्या केबलचं टोक पिंजून ती ड्रिलमध्ये धरा. सावकाश फिरवत सिलिंडरच्या सभोवती घाला आणि मधूनमधून पाण्याचा फवारा मारा. निघालेला चिखल ओल्या कचऱ्याच्या व्हॅक्यूमने ओढून घेतला तर उत्तम. डोळ्यांवर चष्मा हवाच, केबल सुटून उडते. या वेळी हीटरचे दोन्ही होज वेगळे ठेवा, नाहीतर हा चिखल हीटरच्या बारीक नळ्यांत जातो. क्रायस्लर गटाच्या फ्लॅटहेड सहा सिलिंडर इंजिनांत पंपामागे, ब्लॉकच्या आत पाणी वाटणारी लांब पत्र्याची नळी असते. ती गंजून गेली असेल तर बाकी कितीही साफसफाई केली तरी मागचे सिलिंडर तापतच राहतात. पंप काढलाच आहे, तर ती ओढून तपासायला हवी.

त्यानंतर अ‍ॅसिड. त्याआधी आत तेलकट थर आहे का ते पाहा. पूर्वी पाण्यात तेल घालायची पद्धत होती, आणि हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) कधी गेलं असेल तरी आत तेल बसतं. तेलाखालच्या गंजाला अ‍ॅसिड लागतच नाही. पूर्ण बिडाच्या इंजिनात धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तो थर निघतो. हेड किंवा पंपाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा चुकूनही वापरू नका, तो अ‍ॅल्युमिनियम खातो.

सायट्रिक अ‍ॅसिडचं प्रमाण लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे दहा लिटरला अर्धा किलो. बादलीत कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मगच ओता. थर्मोस्टॅट काढलेला, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावलेला, हीटर जोडून त्याचा कॉक उघडा, आणि इंजिन ८० अंशांच्या आसपास अर्धा तास. त्याहून जास्त ताणू नका. गंज संपला की अ‍ॅसिड उघड्या लोखंडाला लागतं. पीएच कागद जवळ ठेवा. सुरुवातीला दोनच्या आसपास असलेला पीएच चारच्या वर गेला, तर ते अ‍ॅसिड खर्ची पडलं. काढा आणि गरज वाटली तर ताजं भरा. पाणी आधी पिवळट, मग हिरवट-काळपट होत जातं, ते बरोबर आहे. मात्र नळाचं जड पाणी वापरलं तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका बसू शकतो, म्हणून शुद्ध (डिस्टिल्ड) पाणीच घ्या. म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिडचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. ते बीड आणि झाळ दोन्ही सोडत नाही.

गरम ब्लॉकमध्ये थंड पाणी ओतायचं नाही, बीड तडकतं. इंजिन हात लावण्याइतकं निवल्यावर अ‍ॅसिड काढा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. मगच लिटरला २० ग्रॅमप्रमाणे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं फिरवा. आत अ‍ॅसिड असताना सोडा घातला तर फेस तोंडातून बाहेर उसळतो. शेवटी शुद्ध पाण्याने धुतलं की त्याच दिवशी कूलंट भरा. ओलं, उघडं, नुकतंच साफ झालेलं लोखंड हवेत काही तासांतच तांबूस होतं, त्यामुळे रिकामा ब्लॉक रात्रभर ठेवणं म्हणजे केलेलं काम पुसून टाकणं.

आता जाळीबद्दल, कारण महिन्यांच्या वापराचा खरा अनुभव तिचाच आहे. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांच्या मधल्या वरच्या होजमध्ये, उघडून धुता येईल अशी, साधारण एक मिलिमीटर छिद्राची जाळी बसवली. बारीक छिद्राची जाळी मोहात पाडते, पण ती एकदम बुजते आणि चढावर इंजिन तापतं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर उघडली तेव्हा निम्मी जाळी चपट्या तांबूस पापुद्र्यांनी भरलेली होती. २०० किलोमीटरनंतर पापुद्रे कमी आणि काळी रेती जास्त. पुढच्या महिन्यांत चिमूटभरच येऊ लागलं, आणि आता सर्व्हिसच्या वेळी उघडली तरी पुरते. जाळीत सापडलेलं नुसतं फेकू नका. वाळवून त्यावर चुंबक फिरवा. चिकटणारे काळे कण आतल्या गंजाचे असतात. न चिकटणारी, बोटांत कचकचणारी ती ओतीव वाळू. पांढरा कण व्हिनेगरमध्ये फसफसला तर क्षार. सहा महिन्यांनीही नवा तांबूस गंज दिसत असेल, तर कूलंटमधलं गंजरोधक कमी पडलंय.

थर्मोसायफनवर चालणाऱ्या गाड्यांत, म्हणजे फोर्ड मॉडेल टी किंवा ऑस्टिन सेव्हनसारख्या बिनपंपाच्या इंजिनांत, जाळी बसवू नये. तिथे पाणी फक्त उष्णतेच्या फरकावर फिरतं, एवढासा अडथळाही जाणवतो.

साफ केल्यावर गळती सुरू होते, हे गृहीत धरा. पातळ झालेल्या कोअर प्लगला आतला गंजच थोपवून धरत असतो. म्हणून एक काढलात तर सगळेच बदला, शक्यतो पितळी घाला. ग्लँड पॅकिंगचा (शाफ्टभोवती दोरीसारखं पॅकिंग नटने आवळलेला) जुना पंपही ठिबकू लागतो. नट थोडा आवळून थांबला नाही तर पॅकिंग नवं घाला, जास्त आवळलं तर शाफ्ट झिजतो. गळती थांबवणारी पावडर मात्र टाकू नका, जी जागा आत्ता मोकळी केली तिथेच ती जाऊन बसते.

कूलंट सिलिकेट असलेलं, जुन्या अकार्बनी प्रकारचं घेतलं, कारण झाळलेल्या रेडिएटरला ते मानवतं. रंगावरून ओळखू नका, लेबल वाचा. पातळ करताना लेबलवरच्या किमान प्रमाणाखाली जाऊ नका आणि दर दोन वर्षांनी बदला. काढलेलं कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, उघड्या ताटलीत ठेवलं तर कुत्री-मांजरं पितात.

आजची स्थिती: ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या भागातला फरक जवळपास गेला आहे, मोजून भरताना क्षमता हँडबुकाशी जुळते, रेडिएटरवर बुजलेल्या नळ्यांचे गार पट्टे दिसत नाहीत. कूलंटमधून भटका करंट वाहून धातू खातोय का, ही एक तपासणी अजून दर सर्व्हिसला चालू ठेवली आहे. मल्टिमीटरचं एक टोक कूलंटमध्ये बुडवून आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ असलेल्या टर्मिनलला लावून, दिवे आणि पंखा सुरू असताना ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला, तर आधी इंजिन आणि चॅसिसमधली अर्थची पट्टी घासून घट्ट करायची.